रॉकेलचा डबा आणि थिबाचे राज्य

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या राजापूरच्या घराचा माळा आवरायला काढला. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांनी वेढलेल्या गावात ज्याचे घर सखल भागात असते, त्याला दर ज्येष्ठात एक काम चुकत नाही. पाणी जवाहर चौकात शिरण्याआधी खालचे सामान वर चढवायचे. आणि खालचे वर जायचे तर आधी वरचे खाली यायला हवे. तुटके सूप, दोन फुटक्या कंदिलांचे सांगाडे, पाळण्याच्या साखळ्या असे एकेक उतरत गेले आणि अगदी शेवटी कोपऱ्यातून पत्र्याचा एक चौकोनी डबा निघाला. तोंड कापून काठ दुमडलेला, मध्ये आडवा लाकडी दांडा ठोकलेला. माझी आजी त्यात विहिरीचे पाणी भरून फुलझाडांना घालीत असे. ओल्या फडक्याने गंज पुसला तसा बाजूवर ठोकलेला इंग्रजी शब्द उमटला : बर्मा-शेल.

मदतीला माझ्या वर्गातला एक विद्यार्थी आला होता. बारसूच्या बाजूच्या सड्यावरचे त्याचे गाव. डबा हातात फिरवीत तो म्हणाला, "सर, शेल म्हणजे कंपनी, ते कळलं. पण यात बर्मा कुठून आला?"

मी म्हटले, "बर्माचा राजा इथून वीस कोसांवर तीस वर्षं राहिला, आणि त्याच्या राज्यातलं तेल आपल्या चिमणीत जळलं. चहा घे, मग सांगतो."

थिबाराजाची गोष्ट रत्नागिरीच्या मुलांना पाळण्यापासून ठाऊक असते. १८८५ सालच्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज आगबोटींतून इरावती नदीने वर गेली आणि दोनेक आठवड्यांत मंडाले पडले. भांडण निघाले होते सागवानावरून. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ठरल्यापेक्षा अधिक लाकूड तोडले म्हणून थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला, आणि त्या निमित्तावर स्वार होऊन इंग्रजांनी राज्य घशात घातले. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर झाले. एप्रिलमध्ये राजा, राणी सुपयालत आणि त्यांचा लवाजमा रत्नागिरीला येऊन पोहोचला. पुढे त्याच्यासाठी थिबा पॅलेस बांधला गेला, १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला, आणि इथल्याच मातीत त्याची समाधी आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम वाट वाकडी करून त्या समाधीपुढे नतमस्तक होऊन गेले.

हे सारे आपण ऐकलेले असते. पण त्याच १८८६ साली, राजा रत्नागिरीत उतरल्यावर तीन महिन्यांच्या आत, स्कॉटलंडमध्ये एक कंपनी नोंदली गेली, हे आपल्याला कोणी सांगत नाही. तिचे नाव बर्मा ऑइल कंपनी. संस्थापक डेव्हिड कारगिल. सागवानाचे भांडण लोकांच्या लक्षात राहिले. जमिनीखालचे तेल मात्र गाजावाजा न करता हाती आले.

हे तेल निघे येनानजाउंग नावाच्या गावी, मंडालेच्या खाली, इरावतीच्या डाव्या काठावर. नावाचा अर्थच मुळी 'घाणेरड्या पाण्याचा ओढा' असा आहे, आणि ते घाणेरडे पाणी म्हणजे मातीतले तेल. विलायतेतून कोणी सायब येऊन त्याने ते शोधले, असे मुळीच नाही. १७९७ साली हायरम कॉक्स नावाचा इंग्रज वकील तिथून गेला तेव्हा त्याने पाचशेवीस विहिरी मोजल्या. नदीकाठी तेलाचे मडके भरायला होड्या रांगेने लागलेल्या असत. दिव्यासाठी, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, होड्यांच्या फटी बुजविण्यासाठी, ताडपत्रावरच्या पोथ्या टिकाव्यात म्हणून, असे साऱ्या ब्रह्मदेशभर ते तेल जाई.

या विहिरी चोवीस घराण्यांच्या वतनाच्या होत्या. त्या वतनदारांना म्हणत 'त्विन्झा', म्हणजे शब्दशः 'विहीर खाणारे'. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ हसत बसलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला तो समजावून सांगायला नको. आपल्याकडे खोत गाव खात असे, तिकडे त्विन्झा विहीर खाई. हक्क म्हणजे खाणे, ही भाषा इरावतीच्या काठी आणि अर्जुनेच्या काठी एकच.

मात्र त्विन्झाचे खाणे घरी बसून होत नसे. विहीर खणायची म्हणजे जेमतेम चार-पाच फूट चौरस खड्डा, त्याला लाकडी फळ्यांचे अस्तर, आणि खोली दोनशे, तीनशे फूट. आत तेलाचा वायू कोंडलेला. खणणारा माणूस दोराला बांधून आत सोडीत. उतरण्यापूर्वी तो काही वेळ डोळ्यांवर पट्टी बांधून बसे, कारण बाहेरच्या उन्हातून एकदम खाली गेले तर अंधाराला डोळा सरावेपर्यंत श्वास संपायचा. दिवा न्यावा तर भडका. म्हणून वरून कोणी आरसा धरून उन्हाचा कवडसा खाली पाडी. तेवढ्या उजेडात खालच्या माणसाने लोखंडी टोकाच्या जड लाकडाने तळ फोडायचा. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटे, की गुदमरलेला माणूस वर. दोर धरून माणसे टेकडीच्या उतारावरून पळत सुटत, म्हणजे दोर झटकन वर येई. असे दिवसभर, आणि असे महिनोन्महिने. विहिरीला तेल लागले की मातीची मडकी सोडून ते शेंदून काढायचे. आपल्याकडच्या विहिरी खणणाऱ्यांनाही कळशीभर पाण्यासाठी कातळ फोडताना मी पाहिले आहे, पण त्यांना श्वास तरी मोजून घ्यावा लागत नाही.

थिबाचा बाप मिंडॉन धोरणी होता. १८५२ च्या युद्धात समुद्रकाठचा दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांनी घेतल्यावर उरलेल्या राज्याला पैसा हवा, म्हणून त्याने तेलाचा व्यापार स्वतःच्या हाती घेतला. रंगूनला गोऱ्यांनी तेल शुद्ध करण्याचा कारखाना घातला होता, त्याला कच्चे तेल विकायचे ते राजाने. राजा विके, कंपनी घेई. १८८६ नंतर विकणारा रत्नागिरीत जाऊन बसला.

कंपनीने दोर आणि आरसा बाजूला ठेवून वाफेच्या इंजिनावर चालणारी छिद्रे पाडण्याची यंत्रे आणली. ती चालवायला अमेरिकेतून कसबी माणसे बोलावली. त्या भागातल्या जमिनीची घडण तेलाला सोयीची. वाळूच्या खडकांचे थर उलट्या होडीसारखे वाकलेले, वर मातीचे घट्ट झाकण, आणि त्या बाकाखाली तेल साठलेले. जिथे बाक, तिथे बोअर, हे गणित पुढे साऱ्या जगात चालले. १९०२ मध्ये जवळच चाउक येथे दुसरे क्षेत्र हाती लागले.

आणि त्विन्झा? सरकारने त्यांचे वतन बुडविले नाही, हे नमूद केले पाहिजे. त्यांच्यासाठी दोन राखीव टापू आखून दिले, आणि प्रत्येक विहिरीची जागा ठरवून दिली : साठ फूट व्यासाचे एक वर्तुळ. दिसायला न्याय. पण पिढ्यान्पिढ्या जी गोष्ट 'आमची विहीर' होती, ती मोजून वर्तुळात बसविल्याबरोबर तिला बाजारभाव आला. कंपन्यांचे दलाल दारी आले. शेजारच्या वर्तुळात यंत्र बसले की खालचे तेल तिकडे ओढले जाणार, ही धास्ती प्रत्येकाला. मग आज विकले ते शहाणे आणि उद्यापर्यंत थांबले ते वेडे, अशी घाई उडाली. काही त्विन्झा श्रीमंत झाले. दोराने उतरण्याचे कसब मात्र दोन पिढ्यांत संपले.

ते तेल आपल्याकडे कसे आले, हे मला आजीच्या बोलण्यातून ठाऊक आहे. त्यापूर्वी कोकणातल्या घरांत उंडीच्या बियांचे उंडेल जळे, करंजेल जळे. उंडेलाचा धूर फार आणि उजेड थोडा. मग अमेरिकेचे आणि रशियाचे डबे आले, आणि त्यांच्यामागोमाग बर्माचे. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, त्यामुळे ते तेल परदेशी नव्हते, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक आपणच होतो. इंग्रजी 'रॉक ऑइल'चे आपण रॉकेल केले, 'गॅसलाइट'चे घासलेट केले, आणि त्या उजेडात आमच्या दोन पिढ्यांनी मॅट्रिकचा अभ्यास केला. तेल संपले की डबा उरे, आणि खरे सांगायचे तर घरातल्या बायकांना डब्याचीच ओढ अधिक. १९२८ मध्ये बर्मा ऑइल आणि शेल यांनी हिंदुस्थानातल्या विक्रीसाठी मिळून जी कंपनी काढली, तिचेच नाव माझ्या डब्यावर होते.

या इतिहासातला एक योगायोग मला सोडवत नाही. १९०८-०९ साली येनानजाउंगपासून रंगूनजवळच्या सीरियम कारखान्यापर्यंत सुमारे पावणेतीनशे मैलांची तेलाची नळी टाकली गेली. त्याच १९०८ साली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवले. मंडालेचा राजा रत्नागिरीला, रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेला, आणि मधल्या मुलखातून तेल वाहते आहे. आणखी एक : त्याच वर्षीच्या मे महिन्यात इराणात मस्जिद-ए-सुलेमानला जे पहिले मोठे तेल लागले, त्यामागेही बर्मा ऑइलचाच पैसा होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये चाउक आणि येनानजाउंगच्या कामगारांनी संप केला. महिनोन्महिने कोणी दाद देईना, तेव्हा नोव्हेंबरअखेर ते पायी रंगूनकडे निघाले, वाटेत विद्यार्थी मिळाले, आणि १९३९ च्या जानेवारीत ते रंगूनला पोहोचले. साऱ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या चळवळीला त्या पायी चालण्याने धार आली. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी सैन्य जवळ आले तेव्हा इंग्रजांनी आपल्याच हातांनी विहिरी बुजविल्या, यंत्रे फोडली, टाक्या पेटवून दिल्या. १९६३ मध्ये बर्मी सरकारने उरलेला सगळा धंदा ताब्यात घेतला. आणि अलीकडच्या वर्षांत मिन्हला भागात गरीब शेतकरी बांबूच्या आणि पाइपांच्या तिकाटण्या उभारून, लहानशा इंजिनावर, पुन्हा आपल्या हातांनी तेल काढू लागले.

इथपर्यंत माझा विद्यार्थी मुकाट्याने ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे बर्मा-शेल आता नाही?"

नाही कशी? १९७६ साली भारत सरकारने ती घेतली, आणि तिचेच पुढे भारत पेट्रोलियम झाले. २०१७ मध्ये राजापूर तालुक्यातल्या नाणारला रिफायनरी घालण्यासाठी तीन सरकारी तेल कंपन्यांनी मिळून जी कंपनी काढली, त्या तिघींतली एक हीच. त्या कारखान्याची योजना वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करण्याची होती. युद्धापूर्वी सबंध ब्रह्मदेश वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास तेल काढी, म्हणजे त्याच्या साठपट! २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली, २०२२ मध्ये बारसू-सोलगावचे नाव पुढे आले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षणाचे बोअर मारायला यंत्रे आली. आमच्या जांभ्याखाली काळा पाषाण आहे, तेलाचा थेंब नाही. तिथला बोअर पाया किती पेलेल हे पाहण्यासाठी होता. तरीही वैशाखाच्या उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, अश्रुधूर सुटला, ते चित्र आपण सर्वांनी पाहिले.

या प्रश्नावर माझ्या घरातच दोन मते आहेत. माझा धाकटा भाऊ विचारतो, की राजापूरची पोरे मुंबईच्या गाडीत बसत राहायची आणि घरांना कुलपे लागत राहायची, हेच का आपले कोकण? त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. पण ज्या सड्यावर कोणा अनामिक पूर्वजांनी जांभ्यात माणसे, मासे, जनावरे कोरून ठेवली, आणि ज्या कातळशिल्पांचे नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले, त्याला 'पडीक जमीन' म्हणणाऱ्या कागदाला मी मान डोलावू शकत नाही. मोबदल्याच्या आकड्यावर भांडण सुरू होते, तेव्हा मला ते साठ फुटांचे वर्तुळ आठवते.

"सर," विद्यार्थ्याने विचारले, "त्या चोवीस घराण्यांतल्या कोणी विकायला नाही म्हटलं असेल?"

"असतील काही. त्यांच्याही शेजारी यंत्र लागलेच."

"आमच्या वाडीत तेच चाललंय," तो म्हणाला. "खालच्या घरानं दिली, आता वरच्यानं काय करायचं?"

त्याच्या बापाची सड्यावर पंधरा गुंठे आहेत, काजू लावलेला. देणार की नाही, ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. संध्याकाळी निघताना तो डबा त्याने मागून घेतला. या पावसात काजूची चार रोपे नव्याने लावायची आहेत, झऱ्यावरून पाणी आणायला बरा, म्हणाला. एस. टी. स्टँडपर्यंत मी सोडायला गेलो. कंडक्टरने डब्याचे वेगळे तिकीट पडेल म्हणून थोडी हुज्जत घातली, मग आत वाकून पाहिले आणि मांडीवर घेऊन बस म्हणाला.