शेटलंडमधील सार्वजनिक क्रीडासेवा : अंतराचा हिशेब

स्कॉटलंडच्या उत्तरेस सुमारे ६० अक्षांशावर वसलेल्या शेटलंड द्वीपसमूहाची लोकसंख्या सुमारे २३ हजार आहे. ऐन हिवाळ्यात तेथील दिवस सहा तासांहूनही लहान असतो आणि वादळी वाऱ्यांमुळे मैदानी खेळ बहुधा अशक्य होतात. अशा या बेटांवर आठ सार्वजनिक क्रीडाकेंद्रे उभी राहिली व प्रत्येकात तरणतलावाची सोय झाली.

हे खनिज तेलामुळे घडले. १९७४ च्या एका खास अधिनियमान्वये सलम व्हो येथील तेलबंदरासंबंधीचे अधिकार स्थानिक मंडळास प्राप्त झाले. तेलकंपन्यांकडून मिळालेल्या रकमांचा विश्वस्तनिधी स्थापन करून त्याच्या उत्पन्नातून ही केंद्रे बांधण्यात आली.

परंतु इमारत एकदाच बांधावी लागते. तलावाचे पाणी मात्र सदैव तापवावे लागते. निधीवर ताण पडताच दरडोई खर्चाचा प्रश्न उपस्थित होतो. अन्स्ट या उत्तरेकडील बेटाची वस्ती सुमारे सहाशे. निव्वळ दरडोई हिशेबाने तेथील तलाव असमर्थनीय ठरेल. तथापि तो बंद झाल्यास पोहणे शिकण्यासाठी मुलांना खाडी ओलांडून येल बेटावर जावे लागेल. लर्विक या मुख्य गावी जाण्यास तर दोन फेरीबोटी लागतात, आणि वादळात त्याही बंद पडतात. शिवाय ज्यांचा चरितार्थ समुद्रावर चालतो, त्यांच्या दृष्टीने पोहणे ही चैन नव्हे.

तात्पर्य, दूरस्थ बेटावरील सेवेचे मूल्यमापन करताना तिचा लाभ किती जण घेतात एवढेच पाहून भागत नाही. ती नसल्यास तिच्याऐवजी काय उरते, हेही पाहावे लागते.