रेनियरला धावत प्रदक्षिणा

आभाळ स्वच्छ असलं की सिअ‍ॅटलमध्ये लोक एकमेकांना सांगतात, ‘आज डोंगर दिसतोय.’ कुठला डोंगर, हे विचारावं लागत नाही. १४,४१० फूट उंचीचा, बर्फाने झाकलेला माउंट रेनियर हा ज्वालामुखी शंभर किलोमीटरवरूनही क्षितिज व्यापून उभा असतो. या भागातल्या मूळ रहिवाशांसाठी तो टाहोमा. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्द्याने पीटर रेनियर या आपल्या नौदलातल्या मित्राचं नाव त्याला दिलं, आणि नकाशावर तेच राहिलं. सिअ‍ॅटल-बेलव्ह्यू परिसरातली कितीतरी मराठी कुटुंबं उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन पॅराडाइजला जातात, रानफुलांच्या कुरणांत फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. त्यांनी पाहिलेली असते ती डोंगराची दक्षिण बाजू. उरलेला डोंगर पाहायचा तर त्याला फेरी घालावी लागते.

त्या फेरीची वाट आहे. तिचं नाव वंडरलँड ट्रेल, लांबी ९३ मैल, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. पाठीवर तंबू घेऊन निघालेले पदभ्रमंतीकार तिला साधारण दहा ते चौदा दिवस देतात. आणि दर उन्हाळ्यात काही धावपटू ती एका दमात, एका दिवस-रात्रीत पुरी करायला येतात.

वाट कधीच शिखराकडे जात नाही. तिचा सर्वांत उंच बिंदू, पॅनहँडल गॅप, जेमतेम पावणेसात हजार फुटांवर आहे. तरीही एका फेरीत २२,००० फुटांच्या आसपास चढावं लागतं आणि तेवढंच उतरावं लागतं. समुद्रकाठावरून कळसूबाईच्या माथ्यावर एकामागून एक चार वेळा गेल्यासारखं हे आहे. याचं कारण डोंगराच्या रचनेत आहे. रेनियरवरून दोन डझनांच्या आसपास हिमनद्या चारी दिशांना उतरतात. प्रत्येकीने आपली दरी कोरली आहे आणि दोन दऱ्यांमध्ये एकेक उंच सोंड सोडली आहे. गोल फिरणाऱ्याला या सगळ्या सोंडा आडव्या ओलांडाव्या लागतात. दरीच्या तळाला नदी, मग चढ, माथ्यावर फुलांचं कुरण, मग पुन्हा उतार आणि पुढची नदी. सपाटीवर लय धरून धावणाऱ्याला इथे लय सापडत नाही. चढ बहुतेक जण झपझप चालूनच काढतात. मांड्यांचा खरा कस लागतो तो उतारावर.

घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लाँगमायरहून निघालं, तर डोंगराचा स्वभाव लवकरच कळतो. पहिल्याच टप्प्यात कॉट्झ क्रीक लागते. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये या ओढ्यातून चिखल आणि दगडधोंड्यांचा प्रचंड लोट खाली आला आणि जंगलासकट रस्ता गाडून गेला. पुढे टाहोमा क्रीकवर सुमारे २०० फूट लांबीचा झुलता पूल आहे. पावलागणिक तो डोलतो, म्हणून एका वेळी एकानेच जायचं. खाली राखाडी पाण्याबरोबर गडगडत जाणारे दगड ऐकू येतात.

असे पक्के पूल मोजकेच. बाकीच्या ठिकाणी एखादं सोललेलं झाडाचं खोड आडवं टाकलेलं असतं, एका बाजूला हाताला धरायला कठडा. हिवाळ्यातल्या आणि वसंतातल्या पुरात ही खोडं वाहून जातात. रेनियर राष्ट्रीय उद्यानाचे कामगार दर उन्हाळ्यात ती पुन्हा बसवतात; नदीचं पात्रही तोवर सरकलेलं असतं. एखाद्याने ही फेरी किती तासांत काढली याची बातमी होते. पण ज्यांनी जुलैमध्ये खोडं ओढून आणली, त्यांच्या कामाशिवाय ती फेरी झालीच नसती. या वाटेवरच्या प्रत्येक विक्रमात त्यांचा वाटा आहे.

नद्यांचं वेळापत्रकही सांभाळावं लागतं. रात्रभर थंडीत बर्फ कमी वितळतो, त्यामुळे पहाटे पाणी उतरलेलं असतं. दुपारी ऊन तापलं की तेच पाणी चढतं, आणि त्यात खडकाची इतकी बारीक पूड मिसळलेली असते की तळ दिसत नाही. पिण्याचं पाणी म्हणूनच स्वच्छ ओढ्यांतून भरून घ्यायचं. ती पूड पाणी गाळायच्या फिल्टरची छिद्रं बुजवते.

पश्चिमेचा टप्पा सर्वांत एकाकी. सेंट अँड्र्यूज लेक, क्लापाची पार्क, गोल्डन लेक्स ही ठिकाणं इतकी देखणी आहेत, की इथून नजर वर न करता धावत जाणं अवघड. उत्तरेला कार्बन हिमनदी वाटेच्या अगदी शेजारी येते. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर इतक्या कमी उंचीपर्यंत उतरणारी दुसरी हिमनदी नाही. मात्र पांढऱ्याशुभ्र बर्फाची अपेक्षा करणाऱ्याला समोर काळी, दगडमातीने माखलेली भिंत दिसते. तिच्यावरून सतत दगड निसटत असतात.

मग मिस्टिक लेक, स्कायस्क्रेपर पास, व्हाइट रिव्हर. शंभर किलोमीटर उलटून गेल्यावर समरलँडच्या कुरणातून पॅनहँडल गॅपचा चढ सुरू होतो. इथे ऑगस्टमध्येही बर्फाचे पट्टे असतात. धुकं उतरलं तर वाटेच्या खुणा हरवतात. झोप न झालेल्या माणसाने नेमक्या याच जागी डोकं शाबूत ठेवायचं असतं. पलीकडे इंडियन बारचा दगडी निवारा, काउलिट्झ डिव्हाइडचे चढउतार, स्टीव्हन्स कॅन्यनची लांबच लांब चढण आणि मग एकदाचं लाँगमायर.

ही वाट आधी बांधली गेली ती रेंजरांच्या गस्तीसाठी. राष्ट्रीय उद्यान १८९९ मध्ये झालं, फेरीची वाट १९१५ मध्ये जुळली. त्याच उन्हाळ्यात सिअ‍ॅटलच्या ‘माउंटेनिअर्स’ क्लबची मोठी तुकडी सामानाचे घोडे घेऊन डोंगराभोवती फिरली. त्यांना सुमारे तीन आठवडे लागले. २००६ मध्ये काइल स्कॅग्ज या धावपटूने एकवीस तासांच्या आत फेरी पुरी केली. २०१५ मध्ये कॅनडाच्या गॅरी रॉबिन्सने ती १८ तास ५२ मिनिटांवर आणली, आणि २०२० मध्ये टायलर ग्रीनने १६ तास ४० मिनिटांवर. अशा धावेला ना सुरुवातीची कमान, ना गर्दी. जीपीएसची नोंद हाच पुरावा. सारं खाणं स्वतःच्या पाठीवर वाहिलं, आधी ठेवलेल्या साठ्यातून घेतलं, की वाटेत मदतीला माणसं होती, यावरून या नोंदींचे प्रकार वेगळे धरले जातात.

तुलना मात्र जपूनच करावी, कारण वाट दोन उन्हाळे सारखी राहत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये ३६ तासांत १८ इंच पाऊस झाला आणि उद्यान सहा महिने वाहनांना बंद राहिलं. कार्बन नदीकाठचा रस्ता त्या पुरात तुटला, तो मोटारींसाठी पुन्हा बांधलाच गेला नाही.

आता त्यात भर पडली आहे. उद्यानाच्या वायव्य कोपऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उद्यानाच्या हद्दीबाहेर, कार्बन नदीवरचा १९२१ चा फेअरफॅक्स पूल एप्रिल २०२५ मध्ये कायमचा बंद झाला. फेरीच्या वाटेवरच्या मोविच लेकपर्यंत गाडीने जाऊन धावपटूची वाट पाहणं, त्याला गरम सूप आणि कोरडे मोजे देणं, दुखापत झाली तर तिथून त्याला घरी नेणं, हा सगळा आधार त्या पुलाबरोबर गेला. लाँगमायरहून निघालेल्याला आता व्हाइट रिव्हरच्या अलीकडच्या सनराइजजवळ पोचेपर्यंत, जवळपास ९० किलोमीटर, गाडीने गाठता येईल असं सोयीचं ठिकाण नाही. खाणं किती घ्यायचं, पाय मुरगळला तर कुठून मागे फिरायचं, सोबतीला कोण येणार, याचा हिशेब यापुढे नव्याने मांडावा लागणार आहे.