आधी ग्लासातलं माप : दारू आणि व्यायामाबद्दलचे गैरसमज

सोमवारी सकाळी सहाच्या बॅचला आमच्या जिममध्ये एकही ट्रेडमिल रिकामी नसते. शनिवारी रात्रीची 'उतरवायला' आलेली मंडळी त्यावर घाम गाळत असतात. स्क्वॉटचा रॅक मात्र मोकळा असतो, कारण पायांत जोर नाही आणि डोकं जड. यातलं कुणी व्यसनी नाही. आठवड्यातून चार दिवस मन लावून वजनं उचलणारी, डब्यात उकडलेली अंडी नेणारी, 'शनिवारी बसायचं का?' या प्रश्नाला हो म्हणणारी ही साधी नोकरदार माणसं आहेत. त्यांची मेहनत मी रोज बघतो. ती चुकीच्या समजुतींपायी वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

गैरसमज : 'मी एक-दोन पेगच घेतो.'

वस्तुस्थिती : पेग किती मिलीचा, हे कळल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही.

एका मित्राच्या घरी बसलो असताना त्याने नेहमीप्रमाणे अंदाजाने 'एक स्मॉल' ओतला. त्याच्या मुलाच्या खोकल्याच्या औषधाची बाटली फडताळात होती. तिचं दहा मिलीचं झाकण धुऊन घेतलं आणि ग्लासातली व्हिस्की त्याने मोजली. सहा झाकणं भरली, सातवंही अर्ध्याच्या वर गेलं. ज्याला तो तीस समजत होता, ते पासष्टच्या पुढे होतं. तो वर्षानुवर्षं दोन म्हणून चार पीत आला होता, आणि त्यात खोटं बोलण्याचा काही हेतू नव्हता.

म्हणून हिशेब पेगात न करता ग्रॅममध्ये करावा. आपल्याकडची व्हिस्की, रम, वोडका साधारण ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे साठात २०, नाइन्टीत ३० आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, चार स्मॉल पेगांइतकी. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल पोटात गेलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपानाची बैठक मानते. आपल्या भाषेत ती मर्यादा म्हणजे एक क्वार्टर. अनेक टेबलांवर ती 'नॉर्मल' समजली जाते.

गैरसमज : 'व्हिस्कीत साखर नाही, म्हणजे वजन वाढत नाही.'

वस्तुस्थिती : साखर नसते, पण अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात. साखरेत ४ असतात, तेलात ९. एका क्वार्टरमधून सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी मिळतात आणि त्यासोबत ना प्रोटीन, ना तंतू, ना पोट भरल्याची जाणीव. कोला घातला तर ३०० मिलीमागे ३० ग्रॅमच्या वर साखर आणखी येते.

अल्कोहोलची थेट चरबी होते, हाही समज तितकाच चुकीचा आहे. १९९९ साली अमेरिकेत आठ पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल देऊन मोजणी झाली. त्यातल्या पाच टक्क्यांहून कमी भागाची यकृतात चरबी झाली. पण त्या काही तासांत शरीराचं चरबी जाळण्याचं काम ७३ टक्क्यांनी घटलं. अल्कोहोल साठवायला शरीरात कोठार नाही. ते आलं की त्याला आधी निकालात काढावं लागतं आणि बाकीचं इंधन रांगेत थांबतं.

रांगेत कोण असतं? मसाला शेंगदाणे, चिकन लॉलीपॉप, चकली, फरसाण आणि बाहेर पडताना रात्री एकची बिर्याणी. त्यातलं तेल तसंच साठून राहतं. शेंगदाण्याच्या एका मुठीतच दीडशेच्या वर कॅलरी असतात, आणि दुसऱ्या ग्लासानंतर मुठी कुणी मोजत नाही. पोट सुटण्यात चखण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

गैरसमज : 'एकदा प्यायलं की आठवड्याचा व्यायाम पाण्यात.' आणि त्याच्या उलटा : 'प्रोटीन शेक घेतला की सगळं भागतं.'

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची आहेत, कारण उत्तर मात्रेत आहे.

वजनं उचलल्यावर स्नायूंच्या तंतूंची झीज होते. पुढच्या दिवसा-दीड दिवसात शरीर प्रोटीन वापरून ती भरून काढतं, आणि स्नायू वाढतो तो याच काळात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आठ तरुणांकडून कडक व्यायाम करवून घेतला आणि नंतर त्यांना शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं. सोबत प्रोटीन घेऊनही स्नायूंच्या नव्या बांधणीचा वेग, नुसतं प्रोटीन घेतलेल्या दिवसाच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी भरला. प्रोटीनऐवजी कर्बोदकं दिली तेव्हा घट ३७ टक्के होती. शेकने थोडं सावरलं, नुकसान मिटलं नाही.

पण ती मात्रा बघा. सत्तर किलोच्या माणसाला १०५ ग्रॅम, म्हणजे क्वार्टर आणि त्यावर दोन साठ. न्यूझीलंडमध्ये झालेल्या प्रयोगांत मांड्यांच्या जड व्यायामानंतर दर किलोमागे एक ग्रॅम अल्कोहोल दिलं, तेव्हा स्नायूंची ताकद परत यायला जास्त वेळ लागला. अर्धा ग्रॅम दिलं, तेव्हा असा फरक दिसला नाही. सत्तर किलोच्या माणसासाठी हा अर्धा ग्रॅम म्हणजे नाइन्टीच्या थोडा वर. हे प्रयोग मोजक्या तरुणांवरचे आहेत, त्यामुळे नाइन्टीपर्यंत मोकळीक मिळाली असा अर्थ कुणी काढू नये. मात्र मित्राच्या लग्नात एक साठ घेतला म्हणून महिन्याची मेहनत बुडाली, असं रडत बसण्याचंही कारण नाही. टेस्टोस्टेरॉनचंही तसंच आहे. एखाद्या पेगाने लक्षात येईल असा फरक पडत नाही, दर शनिवारच्या भरपूर पिण्याने पडतो.

बायकांनी हे आकडे आणखी खाली आणून वाचावेत. शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच पेगाने त्यांच्या रक्तातलं अल्कोहोल जास्त चढतं.

गैरसमज : 'व्यायामानंतर थंड बिअर उत्तम. बार्लीचीच तर आहे.'

वस्तुस्थिती : ६५० मिली बिअरमध्ये एका अंड्यापेक्षाही कमी प्रोटीन असतं. शिवाय शरीरात पाणी धरून ठेवण्याची सूचना देणारं संप्रेरक अल्कोहोलमुळे दबतं, म्हणून लघवीच्या फेऱ्या वाढतात. घामाने गेलेलं पाणी भरायच्या वेळी ते असं बाहेर टाकणं शहाणपणाचं नाही. आधी पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक आणि मग पोटभर जेवण. प्यायचीच असेल तर त्यानंतर काही तासांनी.

गैरसमज : 'दोन घेतले की झोप छान लागते.'

वस्तुस्थिती : झोप लवकर लागते, छान होत नाही. रात्रीच्या पूर्वार्धात माणूस गाढ पडतो. अल्कोहोल उतरू लागलं की उत्तरार्धात झोप तुकड्यातुकड्यांची होते आणि स्वप्नांची झोप कमी पडते. घोरणं वाढतं, तोंड कोरडं पडतं, पहाटे चारला उगाच जाग येते. व्यायाम करणाऱ्या माणसाचं मोठं नुकसान मला इथे दिसतं. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते, गोड आणि तळलेलं समोर हवंसं वाटतं आणि बारखाली पाठ सरळ राहत नाही. एका रात्रीची किंमत दोन दिवस मोजावी लागते.

गैरसमज : 'सकाळी घाम गाळला की उतरते.'

वस्तुस्थिती : घाम, श्वास आणि लघवीतून अल्कोहोलचा फार थोडा भाग जातो. नव्वद टक्क्यांहून अधिक काम यकृताचं असतं, आणि ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम एवढ्याच वेगाने होतं. कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, ट्रेडमिल यांनी तो वेग वाढत नाही.

आता गणित करा. रात्री अकराला सुरू करून कुणी क्वार्टर संपवली, तर ते ६० ग्रॅम निपटायला सहा ते नऊ तास लागतात, म्हणजे पहाटे पाच ते सकाळी आठ. सहाच्या बॅचला आलेल्या माणसाच्या रक्तात अजून दारू असू शकते. त्याने डेडलिफ्टला हात घालू नये, आणि जिमपर्यंत गाडी चालवत तर मुळीच येऊ नये. गाडी चालवण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती झोप काढली म्हणून आपोआप पाळली जात नाही. अंग दुखतं म्हणून वेदनाशामक गोळीही सहज तोंडात टाकू नका. दारूसोबत पॅरासिटामॉल यकृताला आणि आयब्युप्रोफेन पोटाला त्रास देऊ शकतं. अशा सकाळी पाणी, नाश्ता आणि थोडं चालणं एवढंच पुरे.

गैरसमज : 'गटारीला मनसोक्त, मग श्रावण पाळला की हिशेब चुकता.'

वस्तुस्थिती : श्रावण पाळण्याचा फायदा खरा आहे. लंडनमध्ये बऱ्यापैकी पिणाऱ्यांनी एक महिना दारू सोडली, तेव्हा त्यांचं वजन आणि रक्तदाब उतरला, इन्शुलिनला शरीर जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पण एका महिन्याची पुण्याई उरलेल्या अकरा महिन्यांना पुरत नाही, आणि गटारीच्या एका रात्रीत हाफ संपवण्याचा धोका श्रावणाने पुसला जात नाही. श्रावणाकडे दुसऱ्या नजरेने बघता येईल. त्या महिन्यात तुमची झोप, कंबर आणि उचललेली वजनं वहीत लिहा. बाप्पा येईपर्यंत तुमचं स्वतःचं उत्तर तुमच्या हातात असेल.

गैरसमज : 'थोडी वाइन तब्येतीला चांगलीच.'

वस्तुस्थिती : अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरतं, हे १९८८ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेलं आहे. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने दारूची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. नाशिकची वाइन असो की गोव्याची फेणी, आवडते म्हणून घ्या, औषध म्हणून घेऊ नका. जो पीत नाही, त्याने तब्येतीसाठी सुरुवात करण्याचं काहीच कारण नाही. गरोदरपणात, यकृताच्या आजारात आणि झोपेच्या गोळ्या चालू असताना दारू नकोच. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण रक्तातली साखर अचानक घसरू शकते.

मग मेळ घालायचा कसा?

घरात तीस मिलीचं माप ठेवा आणि अंदाजाने ओतणं बंद करा. आकडा बसण्याआधी ठरवा, बसल्यावर ठरत नाही. जेवण आधी करा, त्यात मासे, चिकन, पनीर किंवा उसळ असू द्या. दोन ग्लासांमध्ये एक ग्लास पाणी. पायांचा किंवा पाठीचा जड व्यायाम आणि बैठक एकाच दिवशी नको, आणि दुसरा दिवस विश्रांतीचा ठेवा. झोपायच्या तीन-चार तास आधी ग्लास खाली ठेवता आला तर उत्तम. आणि ठरवलेला आकडा दर वेळी मोडत असेल, तर तो प्रश्न व्यायामाच्या वेळापत्रकाने सुटणारा नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच कामासाठी उभं आहे, आणि १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं. तिथे फोन करणं ही बारखाली पाठ सरळ ठेवण्याइतकीच ताकदीची गोष्ट आहे.

एक विनंती यजमानांना आहे. आग्रह पुरणपोळीचा करावा. समोरचा 'बस, माझं झालं' म्हणाला, तर 'घे रे, एकाने काय होतंय' असं म्हणू नका. एकाने काय होतं, ते वर ग्रॅममध्ये लिहिलं आहे. त्याच्या ग्लासात सोडा आणि लिंबू घाला, आणि गप्पा पुढे चालू ठेवा. बसायचं होतं ते गप्पांसाठीच.