चार तारा, चार रेघा आणि खर्ज

बेस गिटार हे खर्जाचे वाद्य. त्याची सर्वांत जाड ‘ई’ तार मोकळी छेडल्यावर सेकंदाला सुमारे 41 कंपने होतात. ‘ए’, ‘डी’ आणि ‘जी’ या पुढच्या तारांची अनुक्रमे 55, 73 आणि 98. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या कानांना कंपनांचा हा टापू अनोळखी नाही. चाकणला बनणाऱ्या एकसिलिंडर पल्सर मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते. त्यामुळे मिनिटाला साधारण 4,950 फेऱ्या होऊ लागल्या की इंजिनाची गुरगुर ‘ई’ तारेच्या स्वराशी जुळते. एमआयडीसीतल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण सेकंदाला 100 कंपनांची (100 हर्ट्झ), म्हणजे ‘जी’ तारेहून जेमतेम चढी.

तार दाबली की तिचा कंप पावणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो. हे दाबणे नेमके व्हावे म्हणून गिटारच्या मानेवर धातूचे पडदे बसवलेले असतात. प्रचलित बेसमध्ये तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर असते. पहिला पडदा 48.5 मिलिमीटरवर येतो आणि त्यापुढचे अंतर दर पडद्याला सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटत जाते. बारावा पडदा बरोबर मध्यावर असतो. तिथे कंपने दुप्पट होऊन वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बांधावा, असे त्यांनी 1581च्या ग्रंथात सांगितले होते. 864ला 18ने भागले की 48 येतात. आजच्या मापात आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरचाच फरक आहे.

टॅब्लेचर, म्हणजे बोलीतला ‘टॅब’, या पडद्यांवरच आधारलेला आहे. चार आडव्या रेघा म्हणजे चार तारा आणि रेघेवरचा आकडा म्हणजे पडद्याचा क्रमांक. शून्य असेल तर तार मोकळी. सर्वांत खालची रेघ जाड ‘ई’ तारेची असते. वाद्य हातात धरल्यावर मात्र हीच तार वादकाच्या डोळ्यांना सर्वांत वर दिसते, आणि नवशिक्यांचे पहिले काही दिवस या उलटापालटीतच जातात.

पॉप गाण्यांत सी, जी, ए मायनर, एफ हा कॉर्डक्रम फार चालतो. सीला सा मानले तर बेसचे मूळ स्वर सा, प, ध, म असे होतात. टॅबमध्ये ‘ए’ तारेच्या रेघेवर 3 आणि मग ‘ई’ तारेच्या रेघेवर 3, 5 आणि 1 एवढेच आकडे दिसतात. कित्येक गाण्यांना इतके पुरते. बोट पडद्यावर न ठेवता त्याच्या किंचित मागे दाबावे, म्हणजे तार खरखरत नाही.

टॅबच्या पद्धतीत उणे आहे ते काळाचे. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी रूढ केलेल्या स्वरलिपीत स्वराखाली तालाच्या खुणा असतात. सम, खाली, एका मात्रेत किती स्वर, सारे कागदावरच कळते. ती लिपी स्वर आणि काळ दोन्ही सांगते, पण बोट कुठे ठेवायचे हे सांगत नाही. साध्या टॅबचे नेमके उलटे: जागा पक्की, पण स्वर किती वेळ धरायचा आणि कुठे थांबायचे याचा पत्ता नाही. बेसवादकाचे खरे काम तर ड्रमच्या ठेक्याला घट्ट धरून राहण्याचे असते. म्हणून टॅब हाती घेण्याआधी गाणे वारंवार ऐकणे आणि बेसची ओळ तोंडाने म्हणता येणे अत्यावश्यक आहे. मूळ लय मिनिटाला 120 मात्रांची असेल तर मेट्रोनोम 60वर लावून सुरुवात करावी. दर मात्रेला दोन आघात धरले तर दोन आघातांत मूळ लयीत पाव सेकंद मिळतो, निम्म्या लयीत अर्धा. हात चुकेनासा झाला की चार-पाच मात्रांनी वेग वाढवावा.

ऐकण्यासाठी मोबाइलचा स्पीकर कामाचा नाही. इतक्या लहान स्पीकरमधून 41 हर्ट्झचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही; वरचे उपस्वर ऐकून मेंदू मूळ स्वर ताडतो खरा, पण तो किती वेळ टिकला आणि कुठे तोडला हे त्यातून पुसट होते. टॅबमध्ये नसलेली माहिती नेमकी हीच असल्यामुळे शिकणाऱ्याने गाणे चांगल्या हेडफोनवरच ऐकावे.