कामावर तोंड उघडायला भीती का वाटते?

आज बोलू या कामाच्या जागेबद्दल. कामाची जागा म्हटलं की टेबल-खुर्ची आणि संगणक डोळ्यांपुढे येतो. आपल्यातल्या बहुतेकींची जागा तशी नसते. शाळेच्या पोषण आहाराची खोली, गटाचं मिरची कांडप, अंगणवाडी, दवाखाना, कपडे शिवायचं युनिट, कांदा लागणीची टोळी. चार बाया एकत्र काम करतात तिथे खटके उडणारच. एकीचं बोलणं दुसरीला लागतं, तिसरी कान भरते, चौथी गप्प बसते.

आम्हाला काळजी वाटते ती या चौथीची. भांडणारी निदान बोलते तरी. गप्प बसलेलीच्या पोटात काय आहे ते कुणालाच कळत नाही. कधी कधी तिच्या पोटात राहिलेली गोष्ट सगळ्यांच्या जिवावर बेतू शकते.

आणि एखादी बोलली, पण तिचं ऐकलंच नाही, तर काय होतं, ते बिहारमधल्या एका गावानं पाहिलं. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं होतं. शेतात फवारणी करणाऱ्या घरांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. त्या वेळी बातम्यांत आलं होतं की, स्वयंपाकीणबाईला तेलाची शंका आली होती आणि तिनं ती मुख्याध्यापिकेला बोलून दाखवली होती. तेल चांगलं आहे, स्वयंपाक कर, असं तिला सांगण्यात आलं. तिनं केला. ते जेवण तिनंही खाल्लं आणि तीही आजारी पडली. पुढे २०१६ मध्ये कोर्टानं मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा दिली.

ती बाई अडून का बसली नाही, असं विचारणं सोपं आहे. पण महिन्याच्या तुटपुंज्या मानधनावर राबणारी बाई मोठ्या बाईंना दुसऱ्यांदा कशी विचारणार? आपल्याकडे तरी विचारते का? एकदा झिडकारलं की दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. आणि एकीला झिडकारलेलं बाकीच्या दहा जणी पाहतात, त्याही शिकतात.

या गोष्टीचा नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एमी एडमंडसन नावाच्या बाई आहेत. १९९०च्या दशकात त्या दवाखान्यांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. ज्या वॉर्डात नर्स आणि डॉक्टरांचं आपसात चांगलं जुळतं, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. हाती आलं ते उलटंच. चांगल्या वॉर्डात चुका जास्त नोंदलेल्या! मग खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या वॉर्डांत चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी नर्स रागावण्याच्या भीतीनं झाकून ठेवत. १९९९ मध्ये त्यांनी कामाच्या गटांवर आणखी एक लेख लिहिला आणि त्यात या निर्धास्तपणाला मानसिक सुरक्षितता हे नाव वापरलं. आपण साध्या भाषेत म्हणू: ‘चुकलं’ किंवा ‘मला कळलं नाही’ म्हटल्यावर आपली कुणी शोभा करणार नाही, असा भरवसा.

याचा अर्थ सगळ्यांनी गोड गोड बोलायचं, असा कुणी काढू नये. आम्ही पाहिलं आहे, वरून फार गोड असलेल्या गटांतही हिशेबाच्या वहीबद्दल विचारायची सोय नसते. ‘आपल्यात असं विचारायचं का?’ म्हटलं की संपलं. चूक झाली तर चूक म्हणायची, काम परत करायला लावायचं, हे चालूच राहणार. प्रश्न एवढाच की, चूक सांगणारी बाई सांगून पस्तावते का?

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे, ती मोठ्या शहरातल्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. गावातल्या गटात सोबत काम करणारी बाई नुसती सोबतीण नसते. ती जाऊ असते, चुलत सासू असते, नणंद असते. बांधाचं भांडण शेतातून चुलीपर्यंत येतं. घरी सासूपुढे मान खाली घालणारी सून मसाल्याच्या पाकिटांचं वजन कमी भरतंय, हे त्याच सासूला कसं सांगणार? ‘तुम्ही हिंमत करा’ म्हणणं फुकटचं आहे. त्यापेक्षा काम असं लावा की तिला सासूला सांगावंच लागू नये. प्रत्येक खेपेला दहातलं एक पाकीट दुसऱ्याच बाईनं पुन्हा काट्यावर ठेवायचं, कुणी भरलं ते न पाहता, आणि आकडा पाटीवर लिहायचा. आकड्याला नातं नसतं.

पाळ्यांचंही तसंच. मोठं पातेलं घासणं, पाणी भरणं, गिऱ्हाइकाचा फोन घेणं ही कामं ‘जिला वेळ असेल तिनं’ अशी सोडली की ती गरीब स्वभावाच्या बाईच्या गळ्यात पडतात. मग ती धुसफुसते, आणि आपण म्हणतो हिचा स्वभावच चिडका. पाळी लिहून भिंतीला लावा. निम्मी कुरबूर तिथेच थांबेल. उरलेल्या निम्म्यातली बरीचशी माणसं कमी आणि काम जास्त असल्यामुळे असते. दोघींनी चौघींचं काम करायचं असेल तर देवमाणसंही एकमेकींवर खेकसतील. तिथे समजुतीचं व्याख्यान नको, तिसरा हात हवा.

आता बोलण्याबद्दल. ‘लेकी बोले सुने लागे’ ही आपली जुनी रीत. एकीला ऐकवायचं म्हणून दुसरीशी बोलायचं. यात ज्या बाईला लागतं तिला उत्तरच देता येत नाही, कारण तिला कुणी काही म्हटलेलंच नसतं. टोमणा राग बाहेर काढतो, काम दुरुस्त करत नाही. जे सांगायचं ते जिला सांगायचं तिलाच, शक्यतो बाजूला घेऊन, आणि झालेल्या गोष्टीपुरतं. ‘तू नेहमीच अशी उशिरा येतेस’ म्हटलं की ती गेल्या वर्षी वेळेवर आलेले दिवस मोजायला लागते. ‘आज तू साडेदहाला आलीस, तोवर तांदूळ मी एकटीनं निवडले, माझा हात भरून आला’ याला काय उत्तर देणार? एक तर कारण सांगेल, नाही तर उद्या लवकर येईल. लहान बाईनं मोठीला सांगायचं तर विचारल्यासारखं सांगावं: ‘काकू, तेलाचा वास मला वेगळा येतोय, एकदा बघता का?’ मान राहतो आणि गोष्टही पोचते.

पण खरा भार ऐकणारीवर आहे. गटाची अध्यक्ष असो, मोठ्या सिस्टर असोत की मुकादम, तिच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, त्यावर पुढचं वर्षभराचं ठरतं. ‘बरं केलंस सांगितलंस’ हे तीन शब्द आधी. मग ‘कुठे बिघडलं?’. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि बरेचदा तो विचारायची गरजच पडत नाही.

अबोल्याचं काय? दोघी बोलत नसतील तर त्यांना जबरदस्तीनं गळ्यात गळा घालायला लावू नका. त्यानं उलट चिडतात. एवढंच ठरवा की कामाचं बोलणं तिसरीमार्फत होणार नाही. ‘तिला सांग, गॅसची टाकी संपत आली’ हा निरोप मधेच राहतो आणि ऐन वेळी चूल विझते. घरचं बोलू नका, पण टाकीचं स्वतः बोला.

बचत गटांत पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. बैठक तर होतेच. तिच्यात हप्ता गोळा झाल्यावर दहा मिनिटं कामातल्या अडचणींना द्या, आणि सुरुवात अध्यक्षबाईंनी स्वतःच्या अडचणीनं करावी. त्या बोलल्या की बाकीच्यांच्या जिभेची गाठ सुटते. पहिल्या दोन बैठकांत कुणी काही बोललं नाही तरी तो वेळ काढून टाकू नका.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी काढायला हवी. प्रत्येक त्रास हा काही खटका नसतो. कुणाच्या हातचं पाणी चालत नाही, कुणी पातेल्याला हात लावायचा नाही, असं जातीवरून चाललं असेल, किंवा कुणी पुरुष अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर तिथे ‘समजून घे गं’ म्हणणं पाप आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा शहरातल्या ऑफिसांसाठीच आहे असा समज आहे. त्याचं मूळ खेड्यातच आहे. राजस्थानात सरकारी साथिन म्हणून बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या भंवरी देवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि पुढे कायदा आला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची मदत करणं हे समितीचंच काम आहे. समितीचा पत्ता जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारा, आणि तातडीची मदत हवी असेल तर १८१ वर फोन करा.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ताई हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी अजून एक. मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची, असा नियम आहे. तुमच्याकडे ती रोज घेतली जाते का, आणि चव घेणाऱ्या किंवा रांधणाऱ्या बाईला शंका आली तर पातेलं थांबवायचा अधिकार तिला आहे का, हे येत्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर ‘आहे’ असं आलं तर ते वहीत लिहून घ्या, सगळ्यांच्या सह्यांनिशी.