लाकडी तोंडांचा बोहाडा

वाईकरांना रंगपंचमीचं बावधनचं बगाड पाठ. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा मात्र फारसा पाहिलेला नसतो. चैत्र-वैशाखात रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीवर देवदानवांची सोंगं नाचतात. गणपती, नरसिंह, रावण, शेवटी जगदंबा आणि महिषासुराची झुंज. जुने मुखवटे लाकडात कोरलेले आणि चांगलेच जड. पुढे कागदाच्या लगद्याचे हलके आले. नाचणाऱ्याची मान सुटली, पण लाकडाचा रुबाब त्यांना नाही. अनेक गावांत सोंगाचा मान ठरावीक घराण्यांकडे असतो. लाकडी मुखवट्यांचा असा नाच दूर ग्वाटेमालातही आहे. तिथल्या माया लोकांच्या ‘विजयनृत्या’त स्पॅनिश सरदार आल्वारादो गुलाबी चेहऱ्याच्या, सोनेरी दाढीच्या लाकडी मुखवट्यात येतो. तिथं मात्र मान घराण्याचा नाही, हे मुखवटे पोशाखासह भाड्यानं मिळतात.