डिसइंटरेस्टेड आहात? अभिनंदन!

सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बॉसचा अख्ख्या टीमला मेल आला. ऑफिससाठी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं होतं, तीन कंपन्यांची कोटेशन्स आली होती आणि निवड समितीवर आमच्यातला एक 'डिसइंटरेस्टेड' मेंबर हवा होता. म्हटलं, कंटाळलेला माणूस कशाला हवाय यांना? नक्की टायपिंग मिस्टेक! लगेच रिप्लाय ठोकला, 'सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड!' तोही रिप्लाय ऑल.

समितीवर दुसऱ्याचीच वर्णी लागली. ते एक वेळ परवडलं. पण बॉसने केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात विचारलं, "या तीनपैकी कुठल्या कंपनीत तुझं कुणी ओळखीचं आहे का?" माझा चेहरा पांढराफटक!

झालं असं, की इंटरेस्ट म्हणजे रस, तसाच हितसंबंधही. ज्याचा हितसंबंध नाही, जो तटस्थ आहे, तो डिसइंटरेस्टेड. ज्याला रस नाही, तो अनइंटरेस्टेड. (खुद्द इंग्रज मंडळीही यात गल्लत करतात. पण हे बॉसला कोण सांगणार?)

त्या संध्याकाळी टपरीवर कटिंग घेताना आमच्या सीनियर मॅडमनी माझी शाळा घेतली. "अरे, तू 'नापसंत' म्हणतोस, 'अपसंत' का नाही म्हणत? 'गैरहजर' म्हणतोस, 'अहजर' का नाही?" खरंच की! पसंत, हजर हे फारसी-अरबीकडून आलेले पाहुणे, ते येताना आपापले ना आणि गैर घेऊन आले. शक्य संस्कृत, म्हणून अशक्य. पुढे स्वर आला की अ चा अन् होतो, म्हणून अनावश्यक. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, कानाला कळतं.

इंग्रजीतही साधारण हाच मामला आहे. 'अन' हा त्यांचा घरचा, जुन्या इंग्रजीतला. 'इन' आणि 'डिस' लॅटिनमधून आलेले. गंमत म्हणजे तो अन, तो इन आणि आपला संस्कृत अ हे तिघं एकाच मूळ घराण्यातले भाऊबंद! इन स्वभावाने लवचिक. प आणि म पुढे इम होतो, ल पुढे इल, र पुढे इर. इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. आपल्याकडे उत् अधिक लेखचा उल्लेख होतो ना, तस्संच. अन मात्र ताठ. अनलाइकली म्हणजे अनलाइकलीच.

पण नियम हातात आला म्हणून उडू नका. माणूस 'अनेबल' असतो, पण त्याची 'इनॅबिलिटी' असते. 'अनइक्वल' वागणूक, पण 'इनइक्वॉलिटी'. का? विशेषणाने घरचा अन घेतला, नामाने लॅटिनचा इन. आता बोला! शिवाय क्रियापदाला लागला की अन नकार देत नाही, केलेलं उलटवतो. अनइन्स्टॉल म्हणजे इन्स्टॉल न करणं नव्हे, केलेलं काढून टाकणं. 'अनफ्रेंड'चंही तेच. 2009 साली ऑक्सफर्डच्या अमेरिकन डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं होतं.

आणि सगळ्यात डेंजर शब्द, 'इनफ्लेमेबल'. दिसायला वाटतं, पेट न घेणारा. अर्थ नेमका उलटा, झटकन पेट घेणारा! इथला इन नकाराचा नाहीच, तो 'आत'वाला इन. लोकांची गल्लत होऊन जीवावर बेतेल म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकातच 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. तेव्हा पेट न घेणारी वस्तू म्हणजे 'नॉनफ्लेमेबल'. आमच्या बेसमेंटमधल्या थिनरच्या डब्यावर कुठला शब्द आहे, ते मी दुसऱ्याच दिवशी जाऊन पाहून आलो. तोच, जुनावाला. आणि शेजारी सिक्युरिटीवाले काका निवांत बिडी ओढत होते. "काका, आधी ती बिडी विझवा!" एवढंच ओरडलो, अर्थ नंतर समजावला.

पुढच्या वर्षी पुन्हा समिती, पुन्हा मेल. यावेळी मी छाती पुढे काढून लिहिलं, 'सर, आय ॲम कम्प्लीटली डिसइंटरेस्टेड.' पाचच मिनिटांत एचआरचा फोन.

"सगळं ठीक आहे ना? जॉब सोडायचा विचार वगैरे नाही ना?"